झाकण कोणी उघडायचं?

रविवारी सकाळी साडेआठला मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरच्या त्या फूड मॉलमध्ये वडापावच्या खिडकीपेक्षा मोठी रांग मागच्या अंगाला असते. तिथे वेगानं चार्ज करणारे दोन डीसी चार्जर आहेत. एकावर कुणीतरी हातानं लिहिलेला 'बंद' असा कागद चिकटवलेला. दुसऱ्याला एक पांढरी गाडी जोडलेली, तिच्यामागे तीन गाड्या थांबलेल्या आणि त्यांचे मालक खाली उतरून बोलत उभे. पेट्रोल पंपावर कोणी कोणाशी बोलत नाही, दोन मिनिटांत काम उरकतं. इथे पाऊण तास काढायचा असतो, त्यामुळे ओळख होतेच. राज्याच्या २०२५च्या धोरणात वीजगाड्यांना या रस्त्यावर टोलमाफी जाहीर झाली, तेव्हापासून गर्दीही वाढलीय. ओळखीनंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे नवीन अपडेट आलं का?"

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'दुरुस्ती' हा विषय कळवला, तेव्हा छत्र्या, पितळी स्टोव्ह, हार्मोनियम असं सगळं डोळ्यांपुढे आलं. ते विषय इतरांनी घेतले असणारच. मला उलट्या टोकाची वस्तू हवी होती: जिची दुरुस्ती कोणी करायची, कुठे करायची, करायची की नाही, हेच अजून ठरलेलं नाही अशी. म्हणून या रांगेत येऊन उभा राहिलो.

"अपडेट घेऊच नका, काका," नाशिकच्या एक दंतवैद्य बाई सांगत होत्या. "माझ्या भावानं घेतलं. आधी फुल चार्जला दोनशे पंधरा किलोमीटर दाखवायची, आता एकशे अठ्ठ्याण्णव दाखवते."

काका म्हणजे चिंचवडच्या एका कारखान्यातून टूलरूमचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी चहाचा कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "दाखवते वेगळं आणि जाते वेगळं. आधी खोटं सांगत असेल, आता खरं सांगत असेल."

"म्हणजे बॅटरी उतरली नाही?"

"तेच तर कळायला मार्ग नाही ना!"

मला वाटतं, या लेखाचं मर्म काकांनी त्या एका वाक्यात सांगून टाकलं. सतरा किलोमीटर खरंच गेले, की आकडा दाखवण्याचं गणित तेवढं सुधारलं, हे गाडीच्या मालकाला सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच रात्रीत, एकाच अपडेटनं होऊ शकतात. आणि अपडेटच्या निरोपात लिहिलेलं असतं, 'कार्यक्षमतेत सुधारणा व दोषनिवारण'.

रांगेतला तिसरा माणूस मूळचा बीडकडचा, पुणे-मुंबई टॅक्सी चालवणारा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी तर अठरा टक्क्यांवर बंदच पडली, खंडाळ्याच्या चढाला. मीटरवर अठरा, आणि गाडी म्हणते मी चालले. तीन पॅसेंजर आत. टो करून नेली." सर्व्हिस सेंटरनं काय केलं? "सॉफ्टवेअर मारलं आणि रात्रभर बारीक चार्जिंगला लावून ठेवली. दोन महिने चांगली चालली. आता परत वीसच्या खाली नेत नाही मी."

त्याच्या गाडीला काय झालं होतं, ते पुढे येईल. आधी हे 'सॉफ्टवेअर मारणं' काय असतं ते बघू.

देणारं अपडेट, घेणारं अपडेट

वीजगाडीत एकच संगणक असतो असा आपला समज असतो. असतात डझनांनी. पडद्यावर गाणी आणि नकाशा दाखवणारा वेगळा, मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा वेगळा, चार्जर सांभाळणारा वेगळा. या सगळ्यांत मानाचा म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, सगळे जिला बीएमएस म्हणतात ती. बॅटरीतल्या प्रत्येक सेलवर तिची नजर असते. गाडी किती धावेल, किती वेगानं चार्ज होईल, कुठल्या क्षणी स्वतःला बंद करून घेईल, हे तिच्या हातात.

पडद्याचं अपडेट मोबाइलसारखं हवेतून येतं. बीएमएसचं किंवा मोटर कंट्रोलरचं अपडेट मात्र कित्येक गाड्यांत अजूनही सर्व्हिस सेंटरमध्येच होतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडायचा आणि तो सगळं पुन्हा लिहीपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. या काळात मोठी बॅटरी कामाला येत नाही. सगळे संगणक बॉनेटखालच्या साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. तिनं मधेच मान टाकली तर संगणक ना जुना राहतो ना नवा होतो. चांगल्या रचनेत जुनी प्रत बाजूला राखून ठेवलेली असते आणि बिघाड झाला तर गाडी तिच्यावर परत जाते. सगळीकडे ती सोय नसते. (जाता जाता: तीनशे व्होल्टचा पॅक भरलेला असूनही गाडीचं दारसुद्धा नीट उघडत नाही, अशा तक्रारीत गुन्हेगार पुष्कळदा ही बारा व्होल्टवालीच निघते. ती बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.)

अपडेटनं गाडी खरोखर सुधारते, हेही खरं. रांजणगावच्या कारखान्यातून निघणारी टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२०मध्ये बाजारात आली. जुलै २०२२मध्ये तिची नवी आवृत्ती आली, तेव्हा ब्रेक न दाबता गाडी मंदावताना किती वीज परत साठवायची याचे टप्पे निवडण्याची सोय तिच्यात होती. ती जुन्या मालकांनाही सर्व्हिस सेंटरमध्ये फुकट मिळाली. पुढे जानेवारी २०२३मध्ये नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज ४३७वरून ४५३ किलोमीटर झाल्याचं कंपनीनं जाहीर केलं आणि १५ फेब्रुवारीपासून आधीच्या मॅक्सवाल्यांनाही ते सॉफ्टवेअर द्यायला सुरुवात झाली. एकही नटबोल्ट न फिरवता रेंज वाढते, ही गोष्ट पेट्रोल गाडीच्या माणसाला सांगितली तर तो हसेल.

पण जे हवेतून देता येतं, ते हवेतून काढूनही घेता येतं. टेस्लाच्या मालकांनी हे दोन्ही अनुभवलंय. सप्टेंबर २०१७मध्ये फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ चालून आलं, तेव्हा कंपनीनं तिथल्या काही गाड्यांची जास्तीची क्षमता दुरूनच तात्पुरती खुली केली. या गाड्यांत बॅटरी मोठी बसवलेली होती, पण कमी पैशांत विकताना सॉफ्टवेअरनं तिचा काही भाग कुलपात ठेवलेला होता. लोक वादळातून निसटले, कंपनीचं कौतुक झालं. कुलूप मुळात होतंच कशाला, हा प्रश्न त्या गडबडीत मागे पडला. दोन वर्षांनी, २०१९मध्ये, उलट दिशेचं अपडेट आलं. जुन्या मॉडेल एस गाड्यांची सर्वोच्च व्होल्टेजची मर्यादा त्यानं खाली आणली, रेंज घटली. मालक कोर्टात गेले. २०२१मध्ये अमेरिकेत तडजोड झाली आणि १,७४३ गाड्यांमागे प्रत्येकी ६२५ डॉलर मिळाले. बॅटरीच्या सुरक्षेसाठी असं करावं लागू शकतं, हे मी मान्य करीन. पण मग ते सांगा तरी. वाढवलेली रेंज जाहिरातीत झळकते आणि कमी केलेली 'दोषनिवारणा'त दडते, हा हिशेब बरोबर नाही.

चीनमध्ये या दडवादडवीवरून इतका आरडाओरडा झाला की तिथल्या उद्योग मंत्रालयानं आणि बाजार नियामकानं फेब्रुवारी २०२५मध्ये हवेतून येणाऱ्या अपडेटवरचे नियम कडक केले. दोष झाकण्यासाठी किंवा जबाबदारी टाळण्यासाठी अपडेट वापरता येणार नाही, असं त्यात बजावलं आहे.

शंभर सेल, एक कच्चा

आता टॅक्सीवाल्या दादांची गाडी अठरा टक्क्यांवर का पडली, ते.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे, एलएफपी सेल असतात. एकेक सेल सव्वातीन व्होल्टच्या आसपासचा. असे शंभरेक सेल एकामागून एक जोडले की सव्वातीनशे व्होल्ट मिळतात. या जोडणीत वीज सर्वांतून सारखी वाहते, म्हणून सगळा पॅक सर्वांत अशक्त सेलच्या चालीनं चालतो. सहलीला निघालेल्या वर्गासारखंच ते. एक पोर दमून बसलं की बाकीच्या नव्याण्णवांना थांबावं लागतं. गाडी चालताना तो कच्चा सेल आधी रिकामा होतो आणि बीएमएस सगळ्यांचीच वीज तोडते.

बरं, या जातीच्या सेलची आणखी एक खोड आहे. तो वीस टक्के भरलेला असो की ऐंशी, त्याचं व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे आत किती शिल्लक आहे हे बीएमएसला बाहेरून मोजता येत नाही. आत किती गेली, बाहेर किती आली, याची बेरीज-वजाबाकी ती करत राहते, आणि रोजची बारीक चूक साठत जाते. पॅक पूर्ण भरला की व्होल्टेज एकदम चढतं, तेव्हाच तिला खात्रीनं कळतं की हे शंभर टक्के. हिशेब तिथे जुळतो. म्हणून एलएफपी गाडी अधूनमधून शंभरापर्यंत भरा, असं सांगतात.

सेल एकमेकांच्या बरोबरीला आणण्याचं कामही बहुतेक करून तिथेच, वरच्या टोकाला होतं. जे सेल आधी भरले त्यांची जादा वीज बीएमएस एका छोट्या रोधातून उष्णतेच्या रूपानं घालवते आणि मागे राहिलेल्यांना वेळ देते. पण हा प्रवाह असतो किती? शंभरेक मिलिअँपिअर धरा. शंभर अँपिअर-तासांच्या सेलमध्ये पाच टक्क्यांचा फरक पडला असेल तर तो भरून निघायला पन्नास तास लागतात. टॅक्सीवाले दादा वर्षभर डीसी चार्जरवरच भरत होते आणि ऐंशीला काढून निघत होते. त्यांचाही नाइलाज होता. ऐंशीनंतर चार्जिंग मंदावतं आणि ट्रिप चुकते. त्यांच्या पॅकला बरोबरी साधायला वेळच मिळाला नव्हता, आणि हिशेब जुळवायलाही नाही. मीटरवरचे अठरा टक्के हा बीएमएसचा अंदाज होता. शंभरांतला एखादा सेल त्या वेळी शून्याच्या दारात उभा होता.

म्हणजे सर्व्हिस सेंटरनं केलं ते योग्यच होतं. फक्त ते का केलं, हे दादांना कोणी सांगितलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर आठवड्यातून एक रात्र त्यांनी सोसायटीच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर काढली असती.

भोसरीतलं टेबल

पॅक उघडलेला बघायचा होता. कंपन्यांच्या दारातून ते जमणं अवघड होतं. शेवटी भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात नेलं गेलं. "नाव छापू नका, साहेब," ही पहिली अट. मालक आयटीआय झालेला, आधी यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्त करायचा, मग ई-रिक्षाच्या बॅटऱ्या, मग स्कूटर. गाड्यांचे पॅक अधूनमधून येतात, वॉरंटी संपलेल्या किंवा विम्यानं निकालात काढलेल्या गाड्यांचे.

गाळ्यात काळं रबरी मॅट, हजार व्होल्टला टिकणारे रबरी हातमोजे, त्यावर घालायचे चामड्याचे मोजे, आणि भिंतीला टांगलेला लांब दांड्याचा फायबरचा आकडा. हा कशाला, असं विचारलं. "कोणी चिकटलाच तर ओढायला. हात लावला तर दुसराही गेला." एवढं बोलून तो कामाला लागला. अंगठी, घड्याळ काढून डब्यात. आधी बारा व्होल्टची तार सोडवली, मग पॅकचा नारिंगी सर्व्हिस प्लग ओढून काढला, मग दहा मिनिटं नुसता बसून राहिला. मोटर कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज ओसरायला एवढा वेळ लागतो. नंतर मीटर लावून शून्य आलंय का ते बघितलं. "प्लग काढला की गाडी मरते, पॅक मरत नाही. आतला मॉड्यूल जिवंतच असतो. तो मारायचं बटणच नसतं."

झाकणाभोवतीचा सील कापायला जवळजवळ तास गेला. हा सील महत्त्वाचा. गाडी पाण्यात बुडाली तरी आत थेंब जाऊ नये अशी अपेक्षा पॅककडून असते, आणि झाकण परत बसवल्यावर आत हवेचा दाब देऊन तो टिकतो का ते तपासावं लागतं. रस्त्यावरचे काही कारागीर इथेच फसतात: आतली दुरुस्ती उत्तम, झाकणाला मात्र बाजारातला सिलिकॉन, आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी आत.

आतून पॅक पाहिल्यावर माझी थोडी निराशाच झाली. इतकी महाग वस्तू, आणि दिसायला ॲल्युमिनिअमच्या पेट्यांची ओळ. कारागिरानं एकेका मॉड्यूलचं व्होल्टेज वहीत उतरवलं. सातव्यात एक सेल इतरांच्या मागे दिसत होता. आता हा सेल बदलणार, असं मला वाटलं. त्यानं बारीक टॉर्च मारला. सेलवरून बीएमएसकडे व्होल्टेजची खबर नेणारी पातळ तार असते, तिचं टोक हिरवं पडलं होतं. ओल कधीतरी तिथवर पोचली होती. त्यानं ते टोक साफ करून नवीन जोडलं. सेल ठणठणीत होता, त्याची खबर तेवढी चुकीची पोचत होती. अशी केस त्याच्याकडे नवीन नाही. "लोक म्हणतात बॅटरी गेली. बॅटरी नसते गेली, एक तार नाहीतर बसबारचा एक बोल्ट गेलेला असतो."

सेल खरोखरच गेला असेल तर काम कठीण. नवाकोरा सेल टाकून उपयोग नाही. जुन्या नव्याण्णवांत तो तेवढाच चालणार, उलट बरोबरी बिघडणार. तेवढ्याच वयाचा, तेवढीच क्षमता उरलेला सेल शोधावा लागतो. म्हणून त्याच्या मागच्या फडताळात अपघाती गाड्यांची मॉड्यूलं तारखा घालून रचलेली आहेत.

आणि हे सगळं बोल्टनं जोडलेल्या मॉड्यूलांच्या पॅकबद्दल. नवीन पिढीच्या बॅटऱ्यांत मधली पेटीच काढून टाकतात. सेल थेट पॅकमध्ये, चिकटद्रव्यानं घट्ट बसवलेले. तेवढ्याच जागेत जास्त वीज मावते, वजन आणि खर्च वाचतो, गाडीचा सांगाडाही बळकट होतो. टेस्लाच्या अशाच एका पॅकची २०२२मध्ये चिरफाड झाली, तेव्हा सेलांच्या मधली सगळी जागा गुलाबी फोमनं भरलेली सापडली. फोम फोडताना सेल वाचवणं मुश्कील. अभियंत्याच्या टेबलावर हा निर्णय बिनचूक ठरतो. भोसरीच्या टेबलावर तसा पॅक आला तर हा कारागीर काय करील, असं विचारलं. "चहा पाजून परत पाठवीन."

गाडी ओळख देत नाही

चिकटद्रव्यापेक्षा भोसरीच्या कारागिराला जास्त छळणारी गोष्ट मात्र डोळ्यांना दिसतच नाही. अपघातात एअरबॅग उघडल्या की गाडी स्वतःच बॅटरीची मुख्य जोडणी तोडते आणि बीएमएसच्या स्मृतीत अपघाताची नोंद करते. ही नोंद पुसेपर्यंत गाडी सुरू होत नाही. रचना शहाणपणाची आहे, चेपलेल्या गाडीतून वीज वाहता कामा नये. पण पुढचा बंपर बदलला, पॅक तपासला, सगळं निर्दोष आहे, तरी नोंद पुसण्याचं साधन कंपनीकडेच. तसंच बीएमएस बदलली तर काही गाड्यांत नवीन बीएमएस आणि गाडीचा मुख्य संगणक यांची ओळख करून द्यावी लागते. तेही कंपनीच्याच लॅपटॉपनं, कंपनीच्या सर्व्हरला जोडून.

इथे अपडेट आणि दुरुस्ती या दोन गोष्टी एक होतात. फूड मॉलच्या रांगेत मालक त्यांच्याविषयी वेगवेगळ्या तक्रारी करतात, पण दोन्हींची किल्ली एकाच खिशात आहे. ज्याला दुरून सॉफ्टवेअर लिहिता येतं, त्याच्याच हाती दुरुस्ती मान्य करणं किंवा नाकारणं आहे. बोल्ट उघडायला पाना मिळतो, 'हो' म्हणायला संगणक लागतो.

दुसरी बाजू

एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या वर्कशॉप मॅनेजरनं, नाव न देण्याच्या बोलीवर, अर्धा तास दिला. तो स्पष्ट बोलला. "आम्ही पॅक उघडत नाही. काढतो, कंपनीला पाठवतो, दुसरा बसवतो. माझ्याकडे हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतलेली मुलं आहेत चार. त्यातला एक मागच्या महिन्यात सोडून गेला. उद्या झाकण नीट लागलं नाही आणि बेसमेंट पार्किंगमध्ये काही झालं, तर जबाबदार कोण?"

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२२मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ई-स्कूटरनं पेट घेतला, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यातल्या आगींनंतर केंद्रानं बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून प्रसिद्ध होणाऱ्या मानकांत, एआयएस १५६ आणि एआयएस ०३८ यांत, २०२२मध्ये दुरुस्त्या झाल्या. बीएमएस, सेलांमधलं अंतर, तापमान वाढताच मिळणारा इशारा अशा तरतुदी आल्या. नवीन बॅटरी त्यामुळे निश्चितच सुरक्षित झाली. पण दुरुस्त केलेली बॅटरी सुरक्षित आहे हे कोणी, कसं तपासून द्यायचं, याचा असा सर्वमान्य शिक्का भोसरीच्या कारागिराला मिळवता येत नाही.

हा शिक्का नसण्याचा फटका विम्यालाही बसतो. एका सर्व्हेअरनं मला पॅकच्या तळाचे फोटो दाखवले. दगडावर आपटून पडलेला हाताच्या पंजाएवढा पोचा. आत काही झालंय का? बहुधा नाही. पण 'काही झालेलं नाही' असं लिहून द्यायला कोणी तयार नसतं. मग पूर्ण पॅक, आणि पॅक म्हणजे गाडीतला सर्वांत महाग भाग, त्यामुळे काही वेळा अख्खी गाडीच निकालात. अमेरिकेत २०२१मध्ये गाजलेला किस्सा असाच होता. रस्त्यावरचं काहीतरी लागून एका टेस्लाच्या पॅकच्या शीतद्रवाच्या नळीचं तोंड मोडलं. कंपनीच्या सेंटरनं नव्या पॅकचा १६,००० डॉलरचा खर्च सांगितला. बाहेरच्या एका गॅरेजनं ७०० डॉलरमध्ये तोंड दुरुस्त करून गाडी चालती केली.

कागदावरचा हक्क

भारतात ही भांडणं नवीन नाहीत, वीजगाड्यांच्या आधीची आहेत. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा त्यांच्यावरचा ठपका. प्रकरण अपिलात गेलं, वर्षानुवर्षं रेंगाळलं. डिसेंबर २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. त्यात मोटारगाड्यांचाही विभाग आहे. तिथे माहितीपत्रकं आहेत, सर्व्हिस सेंटरचे पत्ते आहेत. बीएमएसमधली अपघाताची नोंद कशी पुसायची, हे अर्थातच नाही.

युरोप या बाबतीत पुढे निघाला आहे. तिथे फेब्रुवारी २०२७पासून वीजगाडीच्या प्रत्येक नव्या मुख्य बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिची माहिती देणारी नोंद, लागणार. युरो ७ नियमांत बॅटरीनं पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत मूळ क्षमतेच्या ८० टक्के, आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजारांपर्यंत ७२ टक्के टिकवली पाहिजे, अशी किमान पातळी ठरवली आहे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२२मध्ये ठरलेल्या जागतिक नियमानुसार उरलेली क्षमता मालकाला गाडीतच वाचता आली पाहिजे. मला विचाराल तर सगळ्यांत आधी हेच हवं. पासपोर्ट नंतर द्या, आज तो एक आकडा द्या. चिंचवडच्या काकांना आणि नाशिकच्या बाईंना भांडायलाही तो लागणार आहे.

आपल्या कंपन्यांनी वेगळा रस्ता धरला: वॉरंटी लांबवत नेण्याचा. आठ वर्षं नेहमीची झाली होती. आता टाटा आणि महिंद्र यांनी काही गाड्यांवर 'आयुष्यभराची' बॅटरी वॉरंटी दिली आहे. ग्राहकाला हे हवंच असतं. फक्त बारीक अक्षर वाचावं. पूर्ण लाभ पहिल्या खासगी मालकाला, गाडी दुसऱ्याकडे गेली की मुदत आखडते. आणि बाहेर झाकण उघडलं की वॉरंटी आटोपली. आयुष्यभर काळजी मिटते खरी, पण आयुष्यभर दारही एकच राहतं.

ते दारच बंद झालं तर? अमेरिकेतली फिस्कर ही कंपनी जून २०२४मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या ओशन गाड्या रस्त्यावर होत्या, सॉफ्टवेअरमध्ये दोष शिल्लक होते, आणि अपडेट पाठवणारं कोणी उरलं नव्हतं. मालकांनी संघटना काढली. सुटे भाग मिळवणं, गाडीचं सॉफ्टवेअर समजून घेणं, सर्व्हरची व्यवस्था लावणं, ही कामं डॉक्टर, वकील, प्रोग्रॅमर अशा मालकांनी अंगावर घेतली.

आपल्या जुन्या 'रेवा'चे मालक हे ऐकून हसतील. २००१मध्ये आलेल्या त्या बंगळुरूच्या छोट्या गाडीत सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. काही वर्षांत त्या उतरायच्याच, पण बदलायला सर्व्हर लागत नसे.

बॅटरी मालकाची असलीच पाहिजे का, असाही एक विचार बाजारात आहे. सप्टेंबर २०२४मध्ये एमजीची विंडसर आली ती दोन किमती घेऊन. गाडीसह बॅटरी, किंवा ९ लाख ९९ हजारांत नुसती गाडी आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. मालकी सोडली की दुरुस्तीची चिंताही सुटते, असा त्यामागचा हिशेब. काहींना तो परवडतोही. माझ्या पिढीला मात्र स्वतःच्या गाडीच्या पोटात दुसऱ्याची वस्तू ही कल्पना पचायला जड जाते.

जुन्या गाडीचा भाव

या सगळ्या वादाचा निकाल कायद्याच्या आधी बहुतेक जुन्या गाड्यांच्या बाजारात लागेल. वाकडजवळच्या एका यार्डात उभा होतो. चार वर्षं जुनी वीजगाडी विकायला वाघोलीचे एक शिक्षक आले होते. गाडी चकाचक. दलालानं टायर पाहिले नाहीत, रंग पाहिला नाही. खिशातून अंगठ्याएवढा ओबीडी डोंगल काढला, स्टिअरिंगखाली लावला, मोबाइल उघडला. बॅटरीच्या आरोग्याचा रकाना रिकामा आला. त्या गाडीत तो आकडा बाहेरच्या अ‍ॅपला मिळत नाही. "मग मी धोका धरूनच भाव लावणार ना, सर."

सरांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. घरी चार्जिंगसाठी वेगळा सबमीटर बसवलेला. दर महिन्यात एकदा गाडी दहा टक्क्यांपर्यंत उतरवायची, शंभरापर्यंत भरायची आणि मीटरचे युनिट लिहायचे. पॅक तीस युनिटचा. चार्जिंगमध्ये बारा टक्के वाया जातात असं धरलं तर नवीन असताना मीटरवर साडेतीसच्या आसपास युनिट पडायला हवेत. वहीच्या पहिल्या पानावर तसेच होते. शेवटच्या पानावर २८. म्हणजे पॅकची क्षमता नव्वद टक्क्यांच्या थोडी वर. गणिताच्या मास्तरांनी ते खाली सोडवूनही दाखवलं होतं. अपडेट कोणत्या तारखेला आलं आणि त्यानंतर युनिट बदलले का, हेही समासात लाल शाईनं होतं. बदलले नव्हते.

दलाल आधी हसला. मग खुर्ची ओढून बसला आणि पानं उलटू लागला. मोबाइलनं चार पानांचे फोटो काढून कुणाला तरी पाठवले, बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. आधी सांगितलेल्या भावात त्यानं पस्तीस हजार वाढवले.

"पण सर, एक अट आहे," तो म्हणाला. "वही गाडीबरोबर द्यायची."

सर म्हणाले, "झेरॉक्स देतो."